सात पोचपावत्या आणि एक भिंत

तुमच्या हातून फाईलला लागलेला शेवटचा कागद तुम्ही लावण्याआधी वाचला होतात का? वरचा क्रमांक, तारीख आणि खालचा शिक्का नव्हे, मधला मजकूर. उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. विचारायचं कारण असं, की गेल्या वर्षी राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत सातवीची बेचाळीस मुलं महिनाभर एका तडकलेल्या भिंतीखाली बसत होती, आणि त्या भिंतीबद्दलचे सात कागद टोचून, टॅग लावून, पानक्रमांक घालून फाईलला लागलेले होते. ते कोणीही वाचलेले नव्हते. आणि ते सातही कागद माझ्या ताब्यातल्या यंत्रानं पाठवलेले होते.

मी नगरला एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कचेरीत चार वर्षं संगणक सांभाळते. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या संस्थांना वाटेल, आपण सुटलो. माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढीगभर. मी वाचायला शिकले ती मोर्चाच्या पत्रकांवर. वडील म्हणायचे, रस्त्यानं चाललेला माणूस न थांबता वाचू शकला नाही, तर ते पत्रक वाया गेलं. हे वाक्य मी नोकरीत किती लवकर विसरले, त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या संस्थेनं तालुक्यातालुक्यांतल्या सहा मोठ्या शाळांना संगणक, स्कॅनर आणि मोडेम दिले. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेतून एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायला लावणारी डबी. जोडताना ती घसा खरवडल्यासारखा आवाज करते आणि कोणी चुकून रिसीव्हर उचलला की गप्प होते. नगरच्या माझ्या खोलीत एक मोठा संगणक होता, त्यात मेल सर्व्हर. मेल सर्व्हर म्हणजे पोस्ट ऑफिस, दुसरं काही नाही. शाळेतून पत्र येतं, तो ते ज्याचं त्याच्या पेटीत टाकतो. पेटी म्हणजे आत एकच लांबलचक फाईल, नवं पत्र शेवटी चिकटत जातं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मर्यादा होत्या. एका पत्राला दोन एमबी. ही मला वाढवता यायची. एका पेटीला बत्तीस एमबी. ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानंच पक्की ठोकलेली, माझ्या हातात नव्हती.

दहा ओळींचं साधं पत्र टाईप करून पाठवलं, तर बत्तीस एमबीत हजारो पत्रं मावतात. पण आमच्याकडे दहा ओळींचं साधं पत्र नसतंच. मुख्याध्यापक संगणकावर पत्र टाईप करतात, छापतात, सही करतात, गोल शिक्का मारतात, जावक क्रमांक घालतात, आणि मग तो कागद स्कॅनरवर ठेवून त्याचा फोटो मला पाठवतात. सहीशिक्क्याशिवाय पत्र कसलं? त्या फोटोचा आकार एक एमबी. 'शाळेस दि. अमुक रोजी सुटी घेण्यात आली' एवढं सांगायला एक एमबी.

मी सहाही शाळांत जाऊन शिकवलं. चित्र साठवायचा दुसरा प्रकार असतो, त्यात तोच कागद दहाव्या हिश्श्यात बसतो, करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला, आणि आठवड्यात सगळे पुन्हा मूळ पदावर. विचारलं तर सांगितलं, "त्यात शिक्का पुसट दिसतो."

राहात्याच्या शाळेतले एक लिपिक माझ्याशी फोनवर अर्धा तास भांडले होते. त्यांची यादी एक पूर्णांक सहा एमबीची आणि सर्व्हर ती घेईना.

"ताई, तुमची मर्यादा दोनची ना?"

"हो."

"एक पूर्णांक सहा दोनापेक्षा कमी की जास्त?"

"कमी."

"मग?"

मग मी समजावलं, की फाईल पत्राला जोडताना तिचं साध्या अक्षरांत रूपांतर होतं, त्यात ती तिसऱ्या हिश्श्यानं फुगते, म्हणजे तुमची यादी वाटेत दोनाच्या वर जाते. ते म्हणाले, "वाटेत फुगते म्हणजे काय ताई? ती यादी हाय, भाकरी न्हाई." मी मर्यादा चार केली. वाद घालण्यापेक्षा आकडा बदलणं सोपं होतं. नोकरीत आपण असेच वाकत जातो.

एका पत्राची मर्यादा वाढवली, तशी पेटी लवकर भरायला लागली. कारण पेटी एकच होती. नियम असा, की शाळांनी पत्रव्यवहार फक्त सचिवसाहेबांच्या नावे करायचा. बांधकाम असो, रजा असो, खडू असो, सगळं साहेबांच्या पेटीत. साहेब स्वतः संगणकाला हात लावत नसत. आवक पाहणारे कुलथे भाऊसाहेब रोज सकाळी माझ्या खोलीत येऊन पत्रं छापायचे, नोंदवहीत चढवायचे आणि गठ्ठा साहेबांपुढे ठेवायचे. साहेब प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आद्याक्षर घालून तो पुढे ढकलायचे. कुलथे सत्तावीस वर्षं या खुर्चीत होते. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, आणि नियमाला इतका पक्का की डोकं आपटावं.

"भाऊसाहेब, छापून झालेली पत्रं पेटीतून काढून टाकू का? पेटी भरत आली."

"आलेला कागद नष्ट करायचा न्हाई, ताई."

"कागद तुमच्याकडे आहे ना. हे नुसतं मशीनमधलं."

"मशीनमध्ये आला म्हंजे आला. दप्तर हाय ते."

"मग साहेबांच्या नावे दुसरी पेटी उघडू?"

कुलथ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब एक आन् पत्ते दोन? बाहेर काय म्हनतील लोक?"

शेवटी तोड निघाली. पेटी भरत आली की मी तिला दुसऱ्या डिस्कवर हलवायचं. सर्व्हर आपोआप नवी, रिकामी पेटी उघडतो. दोन मिनिटांचं काम. पण दप्तर हलवायचं म्हणजे दर वेळी साहेबांची लेखी परवानगी. मी अर्ज करायचा, कुलथ्यांनी तो आवक करायचा, साहेबांनी सही करायची. दोन मिनिटांच्या कामाला कधी चार दिवस लागायचे, कधी दहा.

गेल्या वर्षी जूनमध्ये प्रवेशाची धांदल, साहेब दौऱ्यावर. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून राहिला आणि पेटी काठोकाठ भरली. त्या दिवसापासून सर्व्हर प्रत्येक पत्र परत पाठवू लागला. मी दोन स्मरणपत्रं दिली आणि निर्धास्त झाले. निर्धास्त अशासाठी, की यंत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ कळवत होतं: तुमचं पत्र पोचलं नाही, पेटी भरली आहे. इंग्रजीतून कळवत होतं. कुलथे तर खुशीत होते. "या महिन्यात शाळा शहाण्या झाल्यात, ताई. पत्रं एकदम बंद."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तांबे सरांचा फोन आला. तांबे सर राहुरीकडच्या त्या शाळेचे मुख्याध्यापक. संस्कृतचे शिक्षक, कडक इस्त्री, बोलणं शिस्तीचं.

"मॅडम, बांधकाम विभाग झोपला आहे का? सातवीच्या खोलीच्या भिंतीला तडे गेलेत. मी महिनाभरात सात फोटो पाठवले, सात पत्रांसोबत. एक ओळ उत्तर नाही."

"सर, इथं तुमचं एकही पत्र आलेलं नाही."

"असं कसं म्हणता? सातही पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. तुमच्याच मशीनच्या."

आमच्या मशीनमध्ये पोचपावती देण्याची सोयच नव्हती. मी म्हटलं, "सर, त्यातली एक वाचून दाखवा बरं."

फाईल उघडल्याचा आवाज आला. "हे पाहा. वर तारीख आहे, वेळ आहे, सेकंदासह. क्रमांक आहे. आमचा पत्ता, तुमचा पत्ता. खाली आमच्या पत्राचा विषय. अजून काय लागतं पोचेला?"

"मधलं वाचा, सर. इंग्रजी."

ते शब्द सुटे सुटे वाचू लागले. वाक्याच्या मध्यावर थांबले. मग फाईलची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम, हे 'नॉट डिलिव्हर्ड' म्हणतंय."

"हो, सर."

"सगळ्या सातांवर तेच आहे." मग हळू आवाजात, "पोचलंच नाही, तर मग परत कागद कशाला पाठवला?"

मला त्यांचा राग आला, नाही म्हणणार नाही. पण दुसऱ्याच मिनिटाला माझा आला. सरकारी, सहकारी, शैक्षणिक, कुठल्याही कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हेच शिकवलेलं असतं: आपण कागद पाठवला आणि तिकडून तारीख-क्रमांकाचा कागद आला, की ती पोच. फाईलला लाव आणि पुढचं काम बघ. त्याला मी अनोळखी भाषेतला, निम्मा सांकेतिक अक्षरांचा कागद पाठवत होते आणि समजत होते, की मी त्याला कळवलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं राहुरी गाठली आणि तिथून सहा-आसनी रिक्षानं शाळेवर गेले. कालव्याकाठची काळी जमीन. पाणी प्यायली की फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरची भिंत वर्षातून दोनदा उचलली नि सोडली जाते. तिथल्या निम्म्या घरांना तडे आहेत. पण सातवीच्या खोलीतला तडा फळ्याच्या वरून निघून कोपऱ्यातल्या जमिनीपर्यंत आला होता. माझी बोटं आत जात होती. वर्ग चालू होता.

वर्गशिक्षिका वाघमारे बाईंनी भिंतीकडचे बाक ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं लावले होते. मला म्हणाल्या, "कॉम्प्युटरवाल्या ताई ना तुमी? या, बघा आमचा फळा. खडूनं रेघ मारायची गरज न्हाई, आयतीच हाय."

तड्यावर चार ठिकाणी उत्तरपत्रिकेच्या कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर शाईनं तारीख. बाईंच्या भावानं, तो गवंडी आहे, हे त्यांना सांगितलं होतं: पट्टी चिकटवून ठेव, फाटली, तर भिंत अजून चालतीय असं समज. चारातल्या तीन मधोमध फाटल्या होत्या. सगळ्यात अलीकडची आठ दिवसांपूर्वीची.

मी तांबे सरांना म्हटलं, "सर, खोली आजच बंद करा."

"वरून पत्र आल्याशिवाय कसं करू? बेचाळीस मुलं बसवू कुठं? उद्या तपासणी आली तर मला विचारतील, कोणाच्या आदेशानं?"

"आणि भिंत आली तर?"

त्यांनी कपाटातून पत्रांची फाईल काढली. वाईट माणूस नाही तो. त्यांनीच सात वेळा स्कॅनर चालवला होता, प्रत्येक फोटो फुलस्केपवर डकवून, निम्मा शिक्का फोटोवर आणि निम्मा कागदावर येईल असा मारून. एकेक फोटो जवळजवळ तीन एमबीचा. त्यांनी मला ती फाईल दाखवली. सात 'पोचपावत्या', प्रत्येकीवर शाळेचा गोल शिक्का आणि तांबे सरांची लफ्फेदार सही.

मी ते सातही फोटो तिथेच त्या दहाव्या हिश्श्याच्या प्रकारात आवळून दोन फ्लॉप्यांवर घेतले. आठवा फाटलेल्या पट्ट्यांचा काढायला लावला असता, पण रोल धुऊन यायला दोन दिवस लागले असते. त्याऐवजी बाईंनी चारही पट्ट्यांवरच्या तारखा कागदावर लिहून दिल्या आणि त्यांतल्या कुठल्या फाटल्या, तेही. दुपारच्या एसटीनं मी नगरला परत.

तुम्ही म्हणाल, फोटो घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत का गेली नाहीस? साहेब दौऱ्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, तासाभरासाठी. आणि मी याआधी एकदा गेले होते. "साहेब, थोडं बोलायचं होतं," म्हटल्यावर त्यांनी वर न बघता सांगितलं होतं, "लेखी द्या." लेखी द्यावं तर भिंतीचं पत्र शाळेकडूनच, आवकमधून यायला हवं. आणि आवकला परिपत्रक लागलेलं होतं, की यापुढे शाळांचे कागद हातोहात घ्यायचे नाहीत, फक्त ई-मेल. आधुनिकीकरण.

कुलथ्यांना मी फोटो दाखवले. त्यांनी एकेक नीट पाहिला. "वंगाळ हाय हे," म्हणाले. "पन पेटी हलवायचा अर्ज साहेबांच्या सहीविना मी कसा मंजूर धरू, ताई?"

"तुम्ही धरू नका. तुम्ही घरी जा, भाऊसाहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली, छत्री घेतली आणि नेहमीपेक्षा दहा मिनिटं लवकर निघून गेले. हे दहा मिनिटांचे उपकार मी विसरणार नाही.

मी पेटी हलवली. एका आज्ञेचं काम. जुन्या फाईलचं नाव बदललं, ती दुसऱ्या डिस्कवर नेली, सर्व्हरनं कोरी पेटी उघडली. मग तांबे सरांना फोन करून सांगितलं, की एकच पत्र पाठवा, टाईप केलेलं, बिनशिक्क्याचं, वाघमारे बाईंच्या तारखा त्यात घाला. ते "शिक्का नाही तर..." म्हणाले आणि फोन ठेवला. अर्ध्या तासात पत्र आलं. मी त्याला सात आवळलेले फोटो जोडले. सगळं मिळून तीन एमबीच्या आत. माझ्या हातात सबंध सर्व्हर होता. सचिवांच्या नावानं तांब्यांना 'खोली बंद करा' असं पत्र मी स्वतःच पाठवू शकले असते आणि कोणाला पत्ता लागला नसता. तो विचार आला आणि मी बाजूला ठेवला. खोट्या सहीनं उघडलेलं दार दुसऱ्या दिवशी कोणीही उघडतो.

सकाळी कुलथ्यांनी पेटी उघडली. एरवी चार-पाच पत्रांचा गठ्ठा असायचा, त्या दिवशी एक पत्र. त्यांनी ते छापलं, फोटो छापले, नोंदवलं आणि साहेबांपुढे ठेवलं. मी दाराशी उभी होते. साहेबांनी सवयीनं कोपऱ्यात आद्याक्षर घातलं, पुढचा कागद घ्यायला हात नेला आणि पुढचा कागदच नव्हता. मग त्यांनी हातातला वाचला. माझ्या चार वर्षांत मी त्यांना एखादं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचताना पाहिलं ते तेवढंच.

त्यांनी फोन मागवला. "तांबे, मी बोलतोय. पोरं त्या खोलीतून बाहेर काढा. आत्ता, तास चालू असेल तरी. पत्र मागून येईल." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. साहेब म्हणाले, "आदेश माझा. तुमच्या फाईलला लावा माझा आवाज."

सातवी प्रयोगशाळेत हलली, आठवीबरोबर आळीपाळीनं. खोलीला कुलूप लागलं.

आठ दिवसांनी मला खुलासा मागणारा मेमो आला: विनापरवानगी दप्तर हलवल्याबद्दल. त्यावर साहेबांचं आद्याक्षर होतं. मी एका पानात उत्तर दिलं, की दप्तर जागेवर आहे, एक अक्षर हरवलेलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हलवीन. वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. कुलथे म्हणाले, "भाषा जरा मवाळ ठेवली असती तर सुटला असता, ताई." ठेवली असती तर, खरंच, सुटले असते.

ऑगस्टमध्ये, एका बुधवारी मधल्या सुट्टीनंतर, वाघमारे बाईंचा फोन आला. "ताई, पडली." एवढंच. मग दम घेऊन, "कोपरा सगळा आत आला. आत कोनी न्हवतं. दोन जुने बाक हुते, ते गेले." कोपऱ्याकडेच्या बाकांवर जूनपर्यंत मुली बसत होत्या.

मला शाबासकी नको आहे. हिशेब माझ्याच अंगावर येतो. परत जाणाऱ्या पत्राबरोबर काय मजकूर जावा, हे एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाईल पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होती. बत्तीसची मर्यादा मला मोडता येत नव्हती, पण ते दहा शब्द मला बदलता येत होते. तेव्हाच्या यंत्रणेत मराठी अक्षरं नीट जात नसत, तरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिता आली असती. भिंत पडल्यावर ती मी लिहिली: 'तुमचे पत्र पोचले नाही. ही पोच नाही. नगरला फोन करा.' पेटी पुन्हा भरली, आणि पुढचे चार दिवस माझा फोन थांबला नाही. राहात्याच्या त्या लिपिकांनी सांगितलं, की त्यांच्याकडे असल्या एकोणीस 'पोचपावत्या' आहेत, सगळ्या क्रमवार लावलेल्या. मी ही अडाणी माणसं म्हणून हसले असते, तर पत्रकं वाचून मोठी झाल्याचा मला काही उपयोग नव्हता.

खोली अजून बांधलेली नाही. अंदाजपत्रक तयार होतंय.

आता दिवाळीच्या सुटीत तुमच्या गावातली शाळा रिकामी असेल. एखादा दिवस काढून तिथं जा. शिपायाला सांगून खोल्या उघडा आणि भिंती बघा, फळ्याभोवतालच्या आधी. तडा दिसला, तर त्याच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही कडा घट्ट, आणि तिच्यावर शाईनं आजची तारीख घाला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पुन्हा जाऊन बघा. पट्टी फाटलेली असेल, तर कोणालाही पत्र लिहीत बसू नका. चार पालक सोबत घ्या, दाराला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा.